कमरेचा दोर

चादरीची घडी घालायला खरं तर दोन माणसं लागतात. मी ती एकटीच घालायचे. वसतिगृहाच्या धुलाईघरात मी भिंतीत दोन खिळे ठोकून घेतले होते. चादरीची दोन टोकं खिळ्यांना अडकवायची, दोन आपल्या हातात धरायची आणि मागे सरकत सरकत ती ताणायची. देखरेखीची बाई कधीमधी विचारायची, "सोबतीला कुणी देऊ का गं?" मी म्हणायचे, "नको बाई, खिळे निदान बडबड तरी करत नाहीत." तिला वाटायचं, मी गंमत करते आहे.

उन्हाळा तापायला लागला होता. त्या दुपारी अशीच चादर ताणत मागे सरकले आणि पाठ कुणाला तरी आपटली. वळून बघते तर दीर.

"वहिनी," तो म्हणाला आणि तिथेच अडला.

नवऱ्याच्या या धाकट्या भावाशी मी कितीतरी दिवसांत धड बोलले नव्हते. राहतो एकाच घरात, पण मधोमध पत्रा घातलेला. पत्र्याच्या अलीकडे मी, पलीकडे तो आणि माझी जाऊ. तो पुढे काही बोलेल म्हणून मी थांबले, तर त्याने पुढे होऊन खिळ्यावरची टोकं काढली आणि स्वतःच्या हातात धरली. एक चादर झाली, दुसरी झाली. ढीग संपेपर्यंत आम्ही घड्या घालत राहिलो. टोक कुठल्या हातातून कुठल्या हातात द्यायचं हे त्याला सांगावं लागलं नाही, कारण मीच त्याला शिकवलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता आणि सकाळी अंथरुणं आवरायचं काम आम्हा दोघांकडे असायचं.

शेवटची घडी माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "डोंगरापलीकडच्या वस्तीत जुनी विहीर आहे. झाडांच्या मुळ्यांनी भिंत फोडलीय. मुळ्या काढायच्या, गाळ उपसायचा, निसटलेले दगड बसवायचे. खाली मी उतरतो."

"मग उतर की. मला कशाला सांगायला आलास?"

"वर कोण?"

"बायको आहे ना तुला."

"तिला विहिरीत डोकावलं की चक्कर येते."

"मला तुझ्याकडे बघून येते," मी म्हणाले.

तो हसला नाही. मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने फरशीवरचं साबणाचं पाणी इकडचं तिकडे करत राहिला. भावाच्या बोलण्याचा मार खातानाही तो असाच उभा राहायचा.

आमच्या घराचा धंदाच हा. जुन्या बांधीव विहिरी साफ करायच्या, दुरुस्त करायच्या. एकाने खाली उतरायचं, एकाने वर उभं राहायचं. खालच्याला दोन्ही हातांनी पहार चालवावी लागते, म्हणून त्याच्या कमरेला दोर बांधतात. तो दोर काठावरून मागे आणून जमिनीत पुरलेल्या लोखंडी खुंट्याला त्याचा एक वेढा द्यायचा आणि शेंडा वरच्याने धरायचा. गाळाच्या बादल्या कुणीही ओढो, गावातली दहा माणसं ओढोत. पण कमरेचा दोर घरच्याच माणसाच्या हातात असला पाहिजे, ही आमच्याकडची रीत. सासऱ्यांचा दोर सासूने धरला. माझं लग्न ठरवताना सासूने आधी माझे तळहात बघितले, तोंड नंतर. नवऱ्याचा दोर मी धरला. लोक म्हणायचे, हिने नवऱ्याला दोरीने बांधून ठेवलाय. मी म्हणायचे, सोडते, मग बघा कुठे जातो.

ते सगळं गेल्या काही वर्षांत संपलं. जमिनीत भोक पाडायची यंत्रं आली. आज सांगितलं की उद्या दारात पाणी. जुन्या विहिरीत लोक केर टाकायला लागले. दीर यंत्रावर कामाला गेला. पाइप उचलायचा, पाइप जोडायचा. नवरा त्याला म्हणाला, "जा, हिंड जमिनीची चाळण करत." दीर म्हणाला, "तू बस मग बेडकांची सोबत करत." एवढ्यावरून पत्रा आला. दोघंही हट्टी. पत्रा ठोकतानाही एकाने धरला आणि दुसऱ्याने खिळे मारले, तेवढ्यापुरतं बोलले. त्यानंतर लेकीचं लग्न झालं, ती लांब गेली. मग नवऱ्याचं पोट दुखायला लागलं. दुखतंय दुखतंय म्हणता म्हणता तो दवाखान्यात गेला आणि तिथेच संपला. माणूस आयुष्यभर विहिरीच्या तोंडाशी जीव टांगून जगला आणि गेला पांढऱ्या गादीवर, नळ्या लावून. त्या दिवशी दीर आला. आत नाही आला, फाटकाशी उभा राहिला, आणि सगळे गेल्यावरही तिथेच उभा होता. मी त्याला आत बोलावलं नाही.

मग धुलाईघर. दोर धरणारीला खाली उतरणारा नसला तर तिला काय येतं? अर्धा धंदा येतो. अर्ध्या धंद्याला कुणी विचारत नाही.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. मी तिला विहिरीचं सांगितलं. ती म्हणाली, "आई, पुरे झालं आता. इकडे ये. स्वयंपाकघराच्या बाजूच्या पॅसेजमध्ये तुझी कॉट बरोबर बसते. मी माप घेऊन बघितलंय."

"माप घेतलंस?"

"हो. कपाट जरा सरकवलं की बसते."

चांगली आहे माझी लेक. वाईट मनाने बोलली नाही. पण फोन ठेवला आणि मी त्या मापावर विचार करत बसले. आपण कुणाच्या तरी घरात कपाट सरकवल्यावर बसतो, हे कळायला एवढी वर्षं जगावं लागतं. पत्र्यापलीकडून ताटं मांडल्याचा आवाज आला, जाऊ कशालातरी हसली. त्यांचा सगळा संसार मला कानांनी पाठ होता. माझा त्यांना काय ऐकू येत असेल? एक ताट, एक वाटी, नळ बंद.

मी उठले आणि पत्र्यावर टकटक केलं. "सकाळी किती वाजता निघायचं?" एवढंच विचारलं.

धुलाईघर मी सोडलं. देखरेखीच्या बाईने तोंड वाकडं केलं. "या वयात विहिरीवर? परत आलीस तर जागा ठेवता येणार नाही." मी म्हणाले, "नको ठेवू." बोलताना ऐट होती, बाहेर आल्यावर ती उतरली. हे काम जमलं तर आसपासच्या वस्त्यांच्या सगळ्या जुन्या विहिरी होत्या. यंत्राची भोकं यंदा कोरडी पडली होती आणि लोकांना विहिरींची आठवण झाली होती. नाही जमलं तर पॅसेजमधली कॉट.

वस्तीतल्या विहिरीची देखभाल गिरणीवालीकडे होती. तिची पिठाची गिरणी विहिरीला लागूनच. बाई अंगाने दांडगी, भुवयांवर कायम पीठ. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"दोर ही धरणार?"

"हीच," दीर म्हणाला.

"पडलास तर मी तुझं पीठ दळून देणार नाही हां," ती म्हणाली आणि आपल्याच विनोदावर मोठ्याने हसली. मग खुंटा पुरायला पहार तिनेच आणून दिली.

खुंटा मी पुरला. कुणाला हात लावू दिला नाही. दोर उन्हात पसरून वीत वीत हातातून काढला, कुठे विरलाय का बघितलं. काठावर दोर घासतो त्या ठिकाणी पोत्याची घडी ठेवली. दिराच्या कमरेला गाठ मारली आणि खेचून बघितली. इतक्या जवळून मी त्याला खूप दिवसांनी बघत होते. कानावरचे केस पांढरे झाले होते. गळ्याची हाडं वर आली होती.

"यंत्रावर जेवायला देत नव्हते का?" मी विचारलं.

"देत होते. ऐकू येत नव्हतं तिथे काही, एवढंच. जेवतानासुद्धा घरघर."

मग तो काठ ओलांडून भिंतीतून बाहेर आलेल्या पायरीच्या दगडांवरून खाली गेला, आणि दोर माझ्या हातातून सरकायला लागला.

काय सांगू. तळहात जळला, खांद्यात कळ गेली, आणि मला रडायला येईल इतकं बरं वाटलं. माणसाचं वजन डोळ्यांनी कळत नाही, दोराने कळतं. तो दगडावर उभा आहे की अंग बाहेर टाकून दोरावर रेललाय, पाय बदलतोय की दम खातोय, सगळं हातात येतं. नवरा जड होता. तो रेलला की मला टाचा रोवाव्या लागायच्या. हा हलका. हा रेलला तरी मी एका पायावर उभी राहू शकले असते.

पहिले दिवस मुळ्यांतच गेले. भिंतीच्या फटीफटीतून मनगटाएवढ्या मुळ्या आत शिरल्या होत्या. दीर कोयत्याने बारीक तोडायचा, जाड्यांच्या मागे पहार घालून अंग मागे टाकायचा आणि मूळ करकरत निघायचं. वस्तीतली माणसं दुसऱ्या कप्पीवरून बादल्या ओढायची. गाळ काळा, दुर्गंधी. त्यात चपला, फुटके डबे, एक सायकलची चेन. गिरणीवाली प्रत्येक बादलीशी येऊन कुणी काय टाकलं असेल याचा तपास करायची आणि ज्याचा संशय येईल त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. दुपारी सगळे सावलीत जेवायला बसायचे. मी आणि दीर एका झाडाखाली, पण तोंडं दोन दिशांना. तो माझ्या डब्याकडे बघायचा नाही, मी त्याच्या. एकदा त्याने न बोलता कांदा फोडून अर्धा माझ्या झाकणात ठेवला.

संध्याकाळी घरी परत आलं की तो पत्र्यापलीकडे, मी अलीकडे. हाताला तेल चोळत मी बसायचे. दिवसभर एका माणसाचा जीव माझ्या हातात असायचा आणि रात्री मीठ संपलं हे सांगायलाही कुणी नसायचं. तरी झोप लागत होती. बऱ्याच दिवसांनी सकाळ व्हावीशी वाटत होती.

एका दुपारी, उत्तरेकडच्या भिंतीतलं सगळ्यांत मोठं मूळ निघायचं होतं. गिरणी बंद होती, त्यामुळे वर शांत होतं. इतके दिवस दुपारी ढग यायचे, त्या दिवशी आभाळ स्वच्छ. ऊन हळूहळू भिंतीवरून उतरत उतरत तळाच्या पाण्याला टेकलं.

आता हे नीट सांगायला हवं. ऊन तळाला टेकलं की नवरा काम थांबवायचा. जेवणाची वेळ नव्हे ती, जेवण त्यानंतर. तो पायरीच्या दगडावर बसायचा आणि त्या उन्हात तोंड धरून डोळे मिटायचा. खाली गार असतं, दिवसातून तेवढाच वेळ ऊन मिळतं. बसला की दोर त्याच्या कमरेत रुतायचा, म्हणून मी दोन हात दोर सैल सोडायचे आणि स्वतःही खुंट्याला टेकून बसायचे. तो खाली, मी वर. बोलायचो नाही काही. विहिरीत बोललेलं नुसतं घुमतं. पण इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघं एकत्र, रिकामे, काही न करता बसायचो ते तेवढंच. घरी कधी बसलो? घरी सासू होती, लेक होती, पाहुणे होते, भांडण होतं.

त्या दुपारी ऊन पाण्याला टेकलं. पाणी चमकलं, त्याची तिरीप वर येऊन माझ्या डोळ्यांवर हलली. दोराला ताण नव्हता, खालचा माणूस दगडावर सरळ उभा होता. माझ्या हातांनी वेढा ढिला केला आणि दोन हात दोर सोडला. मी खुंट्याला टेकून खाली बसले. मनात काही नव्हतं. छान वाटत होतं.

खाली दिराने पहार मुळामागे घातली आणि नेहमीसारखं अंग मागे टाकलं.

दोर माझ्या हातातून असा गेला की कातडं सोबत गेलं. ओरडणं, पहार पाण्यात पडल्याचा आवाज, आणि मग खुंट्याला हिसका. वेढा आवळला. मी पोटावर पडून दोराला मिठी मारली होती. वस्तीतली माणसं धावली. गिरणीवालीने माझ्या पाठीमागून दोर धरला आणि आम्ही त्याला वर काढलं. तो भिंतीवर आपटला होता. खांदा सुजला होता, कोपरापासून मनगटापर्यंत कातडं सोललं होतं. गालावर गाळ, आणि गाळाखाली तोंड पांढरं.

"काय झालं?" गिरणीवाली मला विचारत होती. "काय झालं गं? गाठ सुटली का?"

मी नुसती माझ्या हातांकडे बघत होते.

"दोर घसरला," दीर म्हणाला. "जुना आहे. होतं असं."

दोर घसरला नव्हता हे त्याला माहीत होतं. दोर कसा घसरतो आणि कसा सोडला जातो, हे आमच्या घरातल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

त्याला घेऊन घरी आलो तेव्हा जाऊ दारातच होती. तिने त्याचा हात बघितला, खांदा बघितला, आणि मग माझ्याकडे वळली. शेजारपाजारचे जमले होते.

"स्वतःचा गेला, आता माझा घालवायला निघालीस?"

दीर म्हणाला, "गप."

"का गप? चार वर्षं बोलत नव्हती, तेव्हा बरी होती. आता दोर हवा हिला, दोर! हात थरथरतात, वय झालंय, लेक बोलावतेय तर जावं ना."

तिचं काय चुकलं? मी तिच्या जागी असते तर हातात येईल ते फेकून मारलं असतं. शेजारणी एकमेकींकडे बघत होत्या, आणि त्यांच्या मधून वाट काढत मी माझ्या दाराशी गेले. कुलूप उघडताना किल्ली दोनदा पडली. तळहातांना पकड नव्हती.

दुसऱ्या दिवशी काम बंद राहिलं. तिसऱ्याही. गिरणीवालीचा निरोप आला, दुसरी माणसं बघू का? मी पिशवी काढली. दोन कपड्यांचे जोड भरले, नवऱ्याचा फोटो भरला, परत काढला. कॉटच्या बाजूला भिंत असेल की कपाट असेल, फोटो कुठे लावणार, असलं काहीतरी डोक्यात. लेकीला फोन लावला आणि तिने उचलायच्या आत बंद केला.

खरं सांगायचं तर मला भीती कॉटची नव्हती. मला माझ्या हातांची भीती वाटत होती. नवरा गेला हे मला ठाऊक होतं, डोक्याला ठाऊक होतं, कागदावर सही करणाऱ्या बोटांना ठाऊक होतं. पण दोर धरणाऱ्या हातांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते इतके दिवस त्याचाच दोर धरून होते. मी दिराला खाली सोडलं होतं आणि वर काढत होते नवऱ्याला.

तिसऱ्या संध्याकाळी पत्र्यावर टकटक झालं. दीर अंगणात पत्र्याच्या टोकाशी, जिथे दोन वीत फट आहे, तिथे पाटावर बसला होता. खांद्याला पट्टा. मी अलीकडे बसले. मधे पत्रा, तोंडं दिसत नव्हती, फक्त त्याचे पाय दिसत होते.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"थोडं." त्याने पाय जवळ ओढले. "वहिनी, ऊन तळाला आलं होतं ना?"

मी फटीतून त्याच्या पायांकडे बघितलं.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "लहानपणी डबा घेऊन यायचो तेव्हा तुम्हाला बघायचो. तो खाली डोळे मिटून बसलेला आणि तू वर. आईला मी विचारलं होतं, हे दोघं रुसलेत का म्हणून."

"काय म्हणाली ती?"

"थोबाडीत दिली."

मला हसू आलं आणि हसता हसताच ते बिघडलं. मी तोंडावर हात दाबला.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "ऊन टेकलं की मीही बसत जाईन. त्यात काय एवढं? तू दोर सोड, मी बसतो. कुणाला काही सांगायची गरज नाही."

इतकं सोपं करून दिलं त्याने. मी रात्रभर त्यावर विचार केला. सगळा उन्हाळा, रोज दुपारी, ऊन पाण्याला टेकेल आणि मी दोर सोडून बसेन आणि खाली कुणीतरी डोळे मिटून बसलेलं असेल. वरून कोण आहे ते दिसत नाही. कुणाला काय कळणार होतं? मला ते हवं होतं. लाज वाटावी इतकं हवं होतं. पण माणूस म्हणजे काही घड्याळ नाही. एखाद्या दिवशी मूळ अर्ध्यावर अडकलेलं असेल, याला वाटेल एवढं काढून मग बसू, आणि माझे हात त्याची वाट बघणार नाहीत. पत्र्यापलीकडे जाऊ झोपेत कूस बदलत होती. तिचा माणूस तिच्या बाजूला होता.

सकाळी मी पिशवीतून कपडे काढून ठेवले आणि त्याच्या दाराशी गेले. दार जावेनेच उघडलं. मी तिला म्हणाले, "आज तू चल. वर बस माझ्यासमोर. माझ्या हातांवर नजर ठेव. ढिले पडताना दिसले की शिव्या दे."

"मला चक्कर येते," ती म्हणाली.

"विहिरीत बघू नकोस. माझ्याकडे बघ."

ती आली. खुंट्याच्या पलीकडे, माझ्या तोंडासमोर, गुडघे जवळ घेऊन बसली, आणि विहिरीकडे पाठ केली. गिरणीवालीने दोघींकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि चक्क मिटलं. मी दिराला गाठ बांधली. तळहातांना फडकी गुंडाळली होती. तो हळू म्हणाला, "मग ऊन आल्यावर..."

"बसायचं नाहीस," मी म्हणाले. "पहार चालू ठेवायची. दम लागला तर बस, तहान लागली तर बस. पण उन्हासाठी बसायचं नाही."

"वहिनी, मला काही त्रास नाही..."

"मला आहे. उतर."

तो उतरला. खांदा दुखत असावा, पायऱ्यांवर जपून पाय टाकत होता. सकाळभर बारीक मुळ्या निघाल्या. वर गिरणी चालू होती, पट्टा फटफट करत होता. जाऊ माझ्या हातांकडे इतकी रोखून बघत होती की मला हातांना खाज सुटली. मी म्हणाले, "पापणी तरी लवू दे." ती म्हणाली, "तुम्ही दोर बघा."

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते बघावं लागत नाही, कळतं. पाण्याला टेकलं. तिरीप वर आली आणि माझ्या तोंडावर हलली. खाली पहारीचा आवाज थांबला. तो थांबला होता. माझ्यासाठीच थांबला होता, बसायच्या तयारीने, मी सोडते का ते बघत. दोर सैल पडला. माझी बोटं उघडायला लागली. मी ती उघडताना बघितली, आणि जावेनेही बघितली. तिने शिवी दिली नाही. तिने पुढे होऊन माझ्या मनगटावर हात ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला.

मी विहिरीकडे तोंड करून जोराने ओरडले, "थांबू नकोस! चालू ठेव!"

आवाज खाली गेला, घुमला, परत आला. मग पहार दगडावर वाजली. मग त्याने अंग मागे टाकलं आणि वजन माझ्या हातात आलं. हलकं वजन. मी टाचा रोवल्या नाहीत, रोवायची गरज नव्हती, आणि त्याच क्षणी नवरा गेला. दवाखान्यात गेला नव्हता, फोटोत गेला नव्हता, तो इथे गेला, या वजनातून. मला माझं तोंड पुसायचं होतं, पण दोन्ही हात गुंतलेले होते. डोळ्यांतलं हनुवटीपर्यंत आलं, हनुवटीवरून दोरावर पडलं. जावेने माझ्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं आणि माझं तोंड खसाखसा पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं, नाकसुद्धा.

खाली मूळ करकरलं आणि सुटलं. ऊन पाण्यावरून सरकून समोरच्या भिंतीवर चढलं.

"वहिनी, निघालं!" खालून दीर ओरडला. "आता पुढचं बघतो. जरा दोर दे."

मी त्याला मागितला तेवढा दोर दिला.